देवपूरच्या बोलक्या पेट्या

जळगाव,
२ जुलै २०२४

अक्का,

सलाम आणि नमस्कार दोन्ही एकदमच पाठवते आहे. आधी कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

फोन केला असता, पण तुम्ही उचलणार नाही. "तीस वर्षं फोन कानाला लावायचा पगार मिळाला, आता फुकट कोण लावणार," हे तुमचं बोलणं मी पुण्याच्या मैत्रिणींना सांगायचे, तर त्यांना ते खरंच वाटायचं नाही. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडणारी बाई रिटायर झाल्यावर फोनला हातच लावत नाही, हे कोणाला पटेल? म्हणून हे पत्र.

मला जळगावातच काम मिळालं आहे. मानसशास्त्र शिकून पोरगी वेड्यांच्या दवाखान्यात बसणार, असं आमच्या नशिराबादच्या अर्ध्या गल्लीला वाटत होतं. तसं काही नाही. माणसं यंत्रांशी कशी वागतात, त्यांच्यावर कधी भरवसा टाकतात, कधी रुसतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी लागले आहे. कॉलेजला असताना मी दोन वर्षं तुमच्या माडीवरच्या खोलीत राहिले, तेव्हा तुम्हाला अब्बांची एक गंमत सांगितली होती. कापूस पिंजायचं मशीन सुरू करण्याआधी ते त्याच्यावर हात फिरवतात. मशीन अडलं की त्याला रागावतात, पण गिऱ्हाइकासमोर कधीच नाही, कारण मशीनचा अपमान होईल. तुम्ही म्हणाला होतात, "हे लक्षात ठेव, कधीतरी कामी येईल." मुलाखतीत मी तेच सांगितलं आणि समोरचे लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागले.

काम असं आहे. साखरेच्या डब्याएवढी एक बोलकी पेटी आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांच्या घरी ती ठेवायची. ती औषधाची आठवण करते, बातम्या सांगते, काही विचारलं तर उत्तर देते. तिची सोबत होते का, ते मला बघायचं आहे. दर महिन्याला माझी सहकारी महेक घरी येऊन थोडे प्रश्न विचारेल, की एकटं किती वाटलं, कोणाशी बोलावंसं वाटलं का, असे. पेटीशी तुम्ही काय बोलता ते आम्हाला ऐकू येत नाही. पेटी चालू आहे आणि तिच्यासमोर बोलणं झालं, एवढंच माझ्या स्क्रीनवर दिसतं.

माझी नेमणूक एका वर्षाची आहे. नोव्हेंबरात पुण्याहून वरिष्ठ मंडळी येऊन काम बघतील. लोकांनी पेट्या वापरल्या तर मला कायम करतील, नाही तर मी पुन्हा अर्ज लिहीत बसेन. आता मुद्द्याचं. देवपुरात तुमच्या गल्लीतल्या चार-पाच एकट्या बायका मिळवून द्याल का? आणि एक पेटी तुम्ही स्वतः ठेवाल का? मला तुमची गरज आहे, अक्का.

तुमची जुनी भाडेकरू,
सादिया


धुळे,
१७ जुलै २०२४

सादिया पोरी,

नमस्कार आधी घेतला. सलाम दुपारच्या चहाबरोबर घेईन.

भाडेकरू कसली म्हणवतेस? भाडं म्हणून तुझ्या अब्बांनी गाद्या भरून दिल्या होत्या, त्यावर मी अजून झोपते. त्या बसल्या नाहीत तोवर तुझं भाडं चालूच आहे.

तुझी महेक येऊन पाच घरी पेट्या लावून गेली. मुलगी चटपटीत आहे, पण चहा अर्धा ठेवते. तिला सांग. पेट्या घेणाऱ्यांत मी, भागाबाई, बेबाबाई आणि मागच्या बोळातल्या दोघी जावा. भागाबाई तुला आठवत असेल, तू परीक्षेला निघालीस की दही घेऊन दारात उभी राहायची. तिची मुलं सुरतेला. बेबाबाई नवीन आहे, पिंपळनेरकडची. मालक गेल्यावर इथलं घर सांभाळते.

भागाबाईने पेटीला पहिलाच प्रश्न विचारला, "तू कोनी पोर शेस व माय?" पेटी म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." भागाबाईने तेच मोठ्याने विचारलं. पेटीने पुन्हा माफी मागितली. मग भागाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "पोर गुननी शे, पन बहिरी शे." आता ती पेटीशी ओरडून बोलते आणि आम्हाला घरबसल्या सगळं कळतं.

माझं विचारशील तर आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत. पण तिला कसली घाई नाही गं. आमच्या बोलण्यात मागे दहा जण लाइनवर ताटकळलेत हे ऐकू यायचं. हिच्यामागे कोणीच नाही, असं वाटतं. ते असो. तू पाठवलीस म्हणजे ठेवली. सकाळी ती "सुप्रभात" म्हणते आणि मी तिला "बोला" म्हणते. जुनी सवय.

माझा लेक प्रेमराज सुरतेहून फोन करत असतो, मी उचलत नाही. आता त्याला सांगणार आहे की पेटीला विचार.

जेवत जा. तुझ्या पत्रातलं अक्षर बारीक झालंय.

अक्का


जळगाव,
२० ऑगस्ट २०२४

अक्का,

अक्षर बारीक झालंय कारण हात थकलाय, पोट नाही. अम्मी दोन वेळा वाढते.

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. "हिच्यामागे कोणीच नाही" हे आमच्या एका सरांनी वहीत उतरवून घेतलं. पण आज मी वेगळ्या कारणाने लिहिते आहे. पेट्या बंद पडायला लागल्या आहेत. फैजपूरकडच्या आधी गप्प झाल्या, मग जळगावच्या, आणि आता देवपूरच्याही. बिघाड नाही, महेक सगळीकडे जाऊन आली. लोकांनीच बटण बंद केलं आहे. कोणी पेटीवर रुमाल टाकला आहे, कोणी ती कपाटात ठेवली आहे. विचारलं तर सगळे म्हणतात, "चांगली आहे, काही तक्रार नाही." तक्रार असती तर मी दूर केली असती.

तुमच्या गल्लीत फक्त तुमची पेटी रोज चालू दिसते. सकाळी बरोबर सुरू होते. स्क्रीनवर तो एक हिरवा ठिपका पाहिला की मला बरं वाटतं. सर म्हणतात, या बाई यंत्रांत वावरल्या आहेत म्हणून त्यांना जमलं. माझ्या टिपणात मी तसं लिहिलंही आहे.

अक्का, मला भीती वाटते आहे. तेहतीस वर्षांची झाले. आजवर प्रत्येक काम वर्षा-दोन वर्षांचं होतं आणि प्रत्येक वेळी बिऱ्हाड गुंडाळलं. हे काम माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मला ते मनापासून आवडतं. नोव्हेंबरात सगळे ठिपके विझलेले असतील तर मी काय दाखवणार? बायका नेमक्या का गप्प झाल्या ते तुम्हाला कळतं का? माझ्यापाशी त्या बोलणार नाहीत, तुमच्यापाशी बोलतील.

सादिया


धुळे,
२९ ऑगस्ट २०२४

सादिया,

आधी पाणी पी आणि मग वाच.

बेबाबाईला विचारलं. ती आधी म्हणाली, "काय नही, लाइट जास." मग लसूण सोलता सोलता बोलती झाली. "ती माले रोज दवाईनी याद देस. मी तिले काय देस? चहा बी पेत नही. माले लाज वाटस." लाज वाटते म्हणून पेटीवर ओढणी टाकली. भागाबाईचंही तेच. म्हणाली, रोज रोज कोणाचं घ्यायचं, आपला हात वर जायला नको का? तुला माहीत आहे, आपल्याकडे शेजारणीचा डबा आला तर तो रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. या पेटीचा डबा भरायचा कसा, हा त्यांचा घोळ आहे. दोघी जावा तर म्हणाल्या, आम्हाला तिच्यासमोर उगाच पाहुण्यासारखं वाटतं.

यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. शिरपूरकडचा एक माणूस, त्याच्या मुलीचं बाळंतपण सुरतेला अडलं होतं. लाइन लागत नव्हती. मी नाशिकमार्गे, मग मुंबईमार्गे अशी खटपट करून त्याला जोडून दिलं. पंधरवड्यानंतर तो एक्स्चेंजच्या फाटकात आला. खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. शिपायाला म्हणे, "त्या आवाजवाल्या बाईले भेटनं शे." आत यायची परवानगी नव्हती, म्हणून मी बाहेर गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवी हातात दिली, म्हणाला "नातू व्हयना," आणि गेला. त्या दिवशी सगळ्या ऑपरेटरणींनी शेंगा खाल्ल्या. असे लोक पुष्कळ येत. मला तेव्हा वाटायचं हे कृतज्ञतेने येतात. आता वाटतं, हलकं व्हायला येत असतील.

हे तुझ्या कामाचं आहे का ते तू बघ. मला त्यातलं शास्त्र कळत नाही.

तुझं ते भीती वाटते हे वाक्य मी दोनदा वाचलं. या घरात दोन वर्षं होतीस, बारावीला न मिळालेले मार्क असोत की ताप असो, तू कधी भीती वाटते असं म्हणाली नव्हतीस. काळजी करू नकोस. मी बघते.

अक्का


जळगाव,
६ ऑक्टोबर २०२४

अक्का, माझी अक्का,

आज सलामच घ्या, आधी आणि नंतरही.

देवपूरचे पाचही ठिपके हिरवे आहेत. रोज दुपारी जेवणं आटपली की एकेक पेटी जागी होते आणि दिवेलागणीपर्यंत चालू राहते. इतकं बोलणं आमच्या कुठल्याच गावात होत नाही. परवा महेक प्रश्न विचारून आली. जुलैपेक्षा बायकांना आता कमी एकटं वाटतं. झोप बरी लागते म्हणतात. भागाबाई म्हणे स्वतःहून हसल्या.

हे कसं झालं सांगू? तुमच्या पत्राने झालं. बेबाबाईंची गोष्ट मी बैठकीत मांडली. पेटी नुसती देते आणि घेत काहीच नाही, हाच दोष आहे, असं मी म्हणाले. मग सप्टेंबरात आम्ही पेटीला मागायला शिकवलं. आता ती विचारते, "आज काय रांधलंत? मला कसं करायचं ते सांगाल?" खानदेशी शब्द विचारते आणि आभार मानते. आणि बघा, महिन्याच्या आत देवपूर बोलायला लागलं. फैजपूरकडे अजून फरक नाही, पण तिकडेही पडेल.

मी यावर लेख लिहिते आहे. सरांनी तो पुण्याला आधीच कळवला. पंचवीस नोव्हेंबरला वरिष्ठ मंडळी येणार आहेत आणि त्यांना देवपूरची गल्ली प्रत्यक्ष बघायची आहे. सर कानात म्हणाले, तुझं कायम झालंच समज. अम्मीने ऐकलं आणि लगेच नानखटाई केली. महेकबरोबर डबा पाठवते आहे, अब्बांचं नाव कोरलेला आहे, ओळखाल.

एवढं सगळं तुमच्यामुळे. लेखात तुमचं नाव घालता येत नाही, नाही तर पहिलं तुमचं घातलं असतं.

तुमचीच,
सादिया


धुळे,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सादिया,

नानखटाई पोचली. अम्मीला सांग, वेलदोडा अगदी बेताचा आहे, छान. गल्लीत सगळ्यांना दिली.

तुझं सगळं छान चाललंय हे वाचून आनंद झाला. पेटी विचारते खरी काय रांधलं म्हणून. भागाबाई तिला म्हणाली, "रांधं ते इचारस, पन खास कोठे?" जी खात नाही ती विचारते कशाला, असं तिचं म्हणणं. बाकी ठीक.

पुण्याच्या लोकांना इथवर आणायची काय गरज आहे? रस्ता खणून ठेवलाय, धूळ आहे. तू कागद दाखव, त्यांना कागद आवडतात. आणि तू येणार असलीस तर दुपारची येऊ नकोस. मी कधी घरी असते, कधी नसते. कळवून ये.

दिवाळीचं चालू आहे. शेव झाली, चकल्या बिघडल्या. डबा भरून महेकबरोबर पाठवीन.

औषध वेळेवर घेते.

अक्का


जळगाव,
११ नोव्हेंबर २०२४

अक्का,

मी न कळवता आले होते. परवा, शनिवारी. तुमचा फराळाचा डबा अम्मीने केळ्याच्या वेफर्सनी भरला होता आणि म्हटलं, अक्कांना चकित करू. पारोळ्याला बस थांबली तेव्हा तुमच्यासाठी गजराही घेतला. गल्लीत शिरले तेव्हा दुपारचे तीन झाले असतील.

तुमच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज येत होता. मी निंबाच्या आडोशाला थांबले. तुम्ही पाचही जणी बसला होतात. एकीच्या मांडीवर सूप, दोघी ज्वारीच्या बिबड्यांचे कुरकुरीत तुकडे खात होत्या, भागाबाई सुरतेच्या सुनेची नक्कल करत होत्या. आणि खाटेवर पाच पेट्या ओळीने मांडून ठेवलेल्या, वर तुमची निळी गोधडी. तिच्याखालून एक पेटी म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." दुसरीने तिला विचारलं, "आज काय रांधलंत?" तेव्हा बेबाबाई म्हणाल्या, "त्यासले त्यासनं बोलू द्या." सगळ्या पुन्हा हसल्या. मग भागाबाईंनी गोधडी वर करून एकेक करत पाचही दिवे पाहिले आणि म्हणाल्या, "बठ्ठा चालू शेत. पोरनी नोकरी पक्की."

मी तशीच मागे फिरले. डबा आणि गजरा दोन्ही घेऊन बसमध्ये बसले. जळगाव येईपर्यंत मला रडूही आलं नाही, इतकी मी गोंधळले होते.

तुमच्या पेटीचं तरी खरं होतं का, अक्का? जुलैपासून तो एकच ठिपका मी रोज सकाळी पाहत होते.

तुम्ही हे माझ्यासाठी केलंत, हे मला कळतं. पण मी त्यावर लेख लिहिला आहे. पेटीला मागायला शिकवलं म्हणून एकटेपण गेलं, असं मी ठासून लिहिलं आहे. ते खोटं आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. पंचवीसला लोक येतील. गप्प राहिले तर नोकरी आहे. बोलले तर नाही. तुम्ही मला कुठे आणून ठेवलंत?

मला तुमचा राग आला आहे. तो लपवून लिहिता येत नाही.

सादिया


धुळे,
१५ नोव्हेंबर २०२४

सादिया,

दारापर्यंत येऊन भरलेला डबा परत नेलास. भांडायचं होतं तर ओट्यावर यायचं, सगळ्यांसमोर भांडायचं, आणि डबा ठेवून जायचं. एवढं बोलून मी माझ्या चुकीकडे येते.

आम्ही तुला फसवलं. कल्पना माझी. तुझं भीती वाटते आलं त्याच दुपारी मी भागाबाईकडे गेले आणि म्हणाले, पोरीची नोकरी जातेय, पेट्या चालू ठेवा. तिने दुसरं काही विचारलं नाही. पण एकटीने पेटीशी काय बोलायचं हे कोणालाच सुचेना, म्हणून म्हटलं, पेट्या घेऊन माझ्याकडे या, आपण आपसात बोलू, पेटीला काय कळतंय. पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या बसलो होतो. एकाच गल्लीत राहून वर्षानुवर्षं आम्ही दारातूनच कशी आहेस विचारत होतो. प्रत्येकीला वाटायचं, दुसरीच्या घरी कशाला जायचं, तिला काम असेल. आता जायला कारण होतं. तुझं काम होतं. बेबाबाईला गुडघ्याने चालवत नाही, तर ती पेटी ओढणीत बांधून धरून धरून यायची. एकही दिवस चुकली नाही.

माझ्या पेटीचं विचारलंस. नाही गं, मी तिच्याशी बोलत नव्हते. सकाळी चालू करायची आणि समोर बसून पेपर मोठ्याने वाचायची. मला वाटायचं तू तिकडे बघत असशील. तुला दिसत होतं म्हणालीस, मग माझं वाचन फुकट गेलं नाही.

आता एक ऐक. महेकला बायकांनी जे सांगितलं, ते खरं सांगितलं. एकटं कमी वाटतं, हे खरं. झोप लागते, हे खरं. पेटीमुळे लागते असं त्या म्हणाल्या नव्हत्या, तिने विचारलंच नव्हतं.

आणि मला जे म्हणायचं आहे ते आजवर म्हटलं नाही. तू इथून गेलीस तेव्हापासून मला देतच आलीस. चष्मा, गुडघ्याचं तेल, ईदचा डबा, पुण्याहून शाल. तुझा जीव आहे, मला कळतं. पण पोरी, तू कधी काही मागितलं नाहीस. मी देणार काय, चकल्या. मला वाटायला लागलं होतं की माझ्या नावाने तू एक काम उरकतेस. मग जुलैत तुझं पत्र आलं, मला तुमची गरज आहे म्हणून. ते पत्र घेऊन मी देवापुढे बसले होते. पुढचं सगळं त्याच नादात झालं.

पंचवीसला काय बोलायचं ते तू ठरव. खरं बोललीस तर बायकांच्या वतीने मी उभी राहीन. नाही बोललीस तरी मी तुझ्या बाजूला बसेन. पण तुला मी ओळखते, तुला गप्प राहून झोप लागणार नाही.

तुझा राग पोचला. ठेवून घेतला आहे.

अक्का


जळगाव,
२ डिसेंबर २०२४

अक्का,

सांगून टाकलं.

लेख समोर होता, सर हसतमुखाने बसले होते, आणि पुण्याच्या वरिष्ठ बाईंनी देवपूरला कधी निघायचं असं विचारलं. मी म्हणाले, निघण्याआधी ऐका. ओटा, गोधडी, पेट्यांचं आपसातलं बोलणं, सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "म्हणजे पेट्यांनी काहीच केलं नाही?" मी म्हणाले, "त्या बायकांना भेटायला निमित्त दिलं. बाकीचं त्यांनी एकमेकींसाठी केलं, आणि थोडं माझ्यासाठी." त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, हे ऐकायला छान आहे, पण आपण हे मोजायला निघालो नव्हतो.

देवपूरची सगळी माहिती अभ्यासातून वगळली. लेख मागे घेतला. मला कायम करणार नाहीत. जूनपर्यंतची नेमणूक तेवढी आहे तशी राहिली. जानेवारीत महेक पेट्या परत न्यायला येईल. सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर चहा ठेवला. तो मी पूर्ण प्यायले.

घरी जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, हातावरचा कापूस झटकला आणि म्हणाले, "सच बोल के आई ना? फिर काय को रोती?" मग मी खरंच रडले.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यातलं ते मागण्याचं. मला वाटायचं, तुमच्यावर ओझं टाकू नये हेच प्रेम. बेबाबाईंची लाज मला कळली, त्यावर मी भाषण दिलं, आणि तुमची कळली नाही. आता रागाचं विचाराल तर तो पारोळ्याच्या पुढे टिकला नव्हता. पत्रात उगाच ताणला.

म्हणून आता मागते. धुळ्याच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला विचारलं आहे, बुधवार आणि गुरुवार. बुधवारी रात्री राहायला मला माडीवरची खोली हवी आहे. गुरुवारी दुपारी तुमच्या ओट्यावर जागा हवी आहे. पेट्या नसतील. पण यंत्र घरात आणताना आधी काय विचारायला हवं, हे मला आता नव्याने शिकायचं आहे आणि ते या संस्थेत शिकता येणार नाही, तुमच्यात बसून येईल. अजून एक भीती आहे. पेट्या गेल्या की बायका यायच्या थांबतील का? कारणच उरणार नाही. त्यांना विचाराल?

आणि चकल्या का बिघडल्या ते मला समजावून सांगा. मला करायला शिकायचं आहे.

सादिया


धुळे,
९ डिसेंबर २०२४

सादिया,

खोली झाडली. तुझ्या वेळचा भिंतीवरचा खिळा आहे तिथेच आहे. गादी उन्हात टाकली होती, अब्बांचा कापूस अजून फुलतो. बुधवारी संध्याकाळी येशील तेव्हा न जेवता ये, कळण्याची भाकरी आणि भरीत करणार आहे. वेफर्सचा तो डबा आण. महिन्याहून जास्त तुझ्याकडे आहे, शोभत नाही.

चकल्या मोहन जास्त झाल्याने बिघडल्या. येशील तेव्हा हाताने दाखवीन, पत्रातून जमायचं नाही.

बायकांना अजून सगळं सांगितलेलं नाही. पेट्या जाणार एवढं सांगितलं, तर बेबाबाईने स्वतःची पेटी पुसून ठेवली आणि दोघी जावांनी विचारलं, मग उद्या कुठे बसायचं? मी म्हटलं, इथेच. नोकरीचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. ते तू ये आणि तूच सांग. किंवा मी काय म्हणते ते ऐक आणि मग ठरव.

भागाबाई रोज दुपारी ओट्याची पायरी चढता चढता मला विचारते, "पोरनं काम व्हयनं का?" मी रोज तिला सांगते, "अजून नाही." मग ती समाधानाने खाली बसते आणि सूप जवळ ओढते.

तेवढं तुझं काम इतक्यात होऊ देऊ नकोस.

अक्का